प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: दिवाळीच्या सुट्टीतल्या आठ रात्रींची बॅग

व्हिएन्नात आम्ही एका जुन्या इमारतीत तीन रात्रींसाठी घर घेतलं होतं. ‘पहिला मजला, लिफ्ट नाही’ असं वाचून मी निश्चिंत होते. एक मजला काय, चढून जाऊ. तिथे पोहोचल्यावर कळलं की व्हिएन्नाच्या जुन्या घरांत तळमजल्यानंतर आधी ‘होखपार्टेर’ येतो, मग ‘मेझानिन’, आणि त्याच्यानंतर पहिला मजला. म्हणजे आपल्या मोजणीने तिसरा. आईचं वय तेव्हा ६७, तिच्या बॅगेचं वजन २१ किलो. विमानात २३ चालत होतं, म्हणून मी काटा २३ च्या जवळ जाईपर्यंत भरतच गेले होते. दुसऱ्या वळणावर आई जिन्यातच बसली. काही बोलली नाही. मला मात्र अजून तो जिना आठवतो.

तेव्हापासून मी बॅग विमान कंपनीच्या काट्यावर तोलत नाही, जिन्यावर तोलते. युरोपात पहिल्यांदाच, स्वतःचं स्वतः ठरवून निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण म्हणून आपल्याकडचे पुष्कळ लोक दिवाळीच्या सुट्टीत करतात तीच सहल घेतली आहे: प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला तीन, बुडापेस्टला दोन, आणि मधला प्रवास रेल्वेने. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. गाड्या उत्तम आहेत, पण हमाल नाहीत. बॅग डब्यात आपण चढवायची, फळीवर आपण ठेवायची, आणि उतरताना आपणच काढायची.

पहिली पायरी: रिकामी बॅग निवडा

मोठी सुटकेस घरीच राहू द्या. माणशी एक केबिनच्या मापाची बॅग, म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटर उंचीची, आणि पाठीवर एक छोटी सॅक. आठ रात्रींना एवढं पुरतं. ही बॅग मी केबिनच्या मापाची घेते, पण देते मात्र चेक-इनला. केबिनमध्ये बऱ्याच कंपन्या ७ किंवा ८ किलोच चालवतात. शिवाय चेक-इनला दिली की तेलाची बाटली, छोटी कात्री, नेलकटर यांची काळजी मिटते. भरून झाल्यावर तिचं वजन १० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढाच नियम.

चाकांकडे नीट पाहा. चार छोट्या चाकांची, चहूकडे फिरणारी बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर छान चालते. प्रागच्या जुन्या शहरात मात्र रस्ते दगडी आहेत. तिथल्या गोलसर फरसबंदी दगडांना चेक लोक ‘मांजरीची डोकी’ म्हणतात, आणि तशा रस्त्यावर छोटं चाक दोन दगडांच्या फटीत अडकतं, कधी मोडतंही. दोन मोठ्या, अर्धी आत बसवलेल्या चाकांची बॅग मागे ओढत नेणं तिथे खूप सोपं. नवीन घ्यायची असेल तर हीच घ्या.

घर किंवा हॉटेल ठरवताना ‘लिफ्ट आहे का’ आणि ‘दारापर्यंत किती पायऱ्या’ हे दोन प्रश्न लेखी विचारा. बुडापेस्टच्या मेट्रोची पहिली लाइन १८९६ सालची. तिची स्टेशनं रस्त्याच्या जेमतेम खाली आहेत, पण खाली उतरायला पायऱ्याच. शहर जुनं म्हणूनच आपण जातो, तेव्हा पायऱ्या गृहीत धरूनच बॅग भरायची.

दुसरी पायरी: हवा समजून घ्या, मग कपाटाला हात लावा

ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात या तिन्ही शहरांत शरदाची असते. दुपारी १० ते १४ अंश, पहाटे ५ च्या आसपास, बुडापेस्ट किंचित उबदार. बर्फाची वेळ अजून आलेली नसते. खरा त्रास देतो तो वारा आणि भुरभुर पाऊस. नदीवरच्या पुलांवर छत्री उलटी होते, म्हणून टोपी असलेलं पातळ, पाणी न झिरपणारं जॅकेट छत्रीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आपल्याकडून निघणारे बहुतेक जण एक जाडजूड स्वेटर आणि त्यावर एक जाड कोट घेतात. तसं करू नका. तिथली घरं, ट्राम, दुकानं, संग्रहालयं सगळी आतून तापवलेली असतात. दिवसातून वीस वेळा बाहेरून आत, आतून बाहेर होतं. जाड स्वेटर आत घामाने भिजवतो आणि बाहेर आल्यावर तोच ओला घाम अंगावर गार होतो. पातळ थर घाला: आत अंगालगत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर हलकं फ्लीस किंवा पातळ लोकरी स्वेटर, सगळ्यांवर ते जॅकेट. गारठा वाटला तर चढवा, आत गेल्यावर उतरवा. थंडी सोसत नसेल तर थर्मलचा एक जोड पुरे. डिसेंबरात ख्रिसमसचे बाजार पाहायला जाणाऱ्यांनी मात्र थर्मल, हातमोजे आणि जाड कोट घ्यायलाच हवा. तो वेगळाच हिशेब आहे.

आठ रात्रींसाठी मी जे घेते ते असं: अंगावरचे धरून चार टी-शर्ट, दोन पँट, एक फ्लीस, एक जॅकेट, पाच दिवसांची आतली वस्त्रं, पाच मोज्यांचे जोड, रात्रीचे कपडे, कानटोपी आणि एक शाल. मधे एकदा व्हिएन्नाला मोजे आणि आतले कपडे बेसिनमध्ये धुते. त्यासाठी साबणाच्या वडीचा तुकडा पुरतो. खोलीतल्या गरम पाण्याच्या रेडिएटरशेजारी खुर्चीवर पसरले की सकाळपर्यंत वाळतात. विजेवर चालणाऱ्या हीटरवर मात्र कपडे कधीही टाकू नका, आगीची भीती असते.

शाल नक्की घ्या. विमानात पांघरूण, रेल्वेत उशी, चर्चमध्ये खांद्यावर. एक बरा पोशाख ठेवा, न चुरगळणारा कुर्ता किंवा हलकी साडी. व्हिएन्नाच्या ऑपेराला उभं राहण्याची तिकिटं स्वस्तात मिळतात आणि ती संधी सोडू नये. तिथे कोट आणि सॅक क्लोकरूममध्ये ठेवावी लागते, म्हणून कोटाच्या आतला पोशाख दिसण्याजोगा हवा.

अजून एक गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांचा होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. सकाळी लवकर बाहेर पडायची तयारी ठेवा. कानटोपी सॅकेतच असू द्या.

तिसरी पायरी: बूट

या सगळ्या यादीत सर्वांत जास्त विचार बुटांचा करा. दिवसाला १५ ते २० हजार पावलं सहज होतात, आणि तीही दगडांवर. प्रागचा कार्ल पूल, ज्याची पायाभरणी १३५७ साली झाली, तो ओलांडायचा, मग किल्ल्याची चढण चढायची. पातळ तळव्याचा बूट असेल तर प्रत्येक दगड पायाला जाणवतो.

प्रवासासाठी म्हणून नवे बूट घेतले तर किमान तीन आठवडे आधी घ्या आणि रोज घाला. सकाळचा फेरफटका, भाजी, ऑफिस, सगळीकडे तेच. पर्वती किंवा आपल्या जवळची एखादी टेकडी त्यांत दोनदा चढून या. टाच कुठे घासते ते घरी कळलं तर बरं. तळवा जाड आणि न घसरणारा हवा, कारण ओला गुळगुळीत दगड फार दगा देतो. एकच जोड पायात, आणि बॅगेत खोलीत घालायच्या हलक्या रबरी स्लिपर. दुसरा बूट नको, तो बॅगेतला सर्वांत मोठा आणि जड ऐवज असतो. बूट ओले झाले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळी बरेच कोरडे होतात. फोडांवर लावायच्या पट्ट्या सॅकेत, हाताशी.

चौथी पायरी: बुडापेस्टच्या गरम पाण्यासाठी एक छोटी पिशवी

हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि मग तिथे जाऊन काठावरून पाहावं लागतं. बुडापेस्टला गरम पाण्याची स्नानगृहं आहेत. १९१३ साली उघडलेलं सेचेनी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. पिवळी भव्य इमारत, मधल्या अंगणात उघड्यावर तलाव, बाहेर ८ अंशांची हवा आणि पाण्यातून वाफा. वज्रेश्वरीच्या कुंडांत उतरलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटणार नाही. गुडघेदुखी असलेल्या आपल्या आई-वडिलांना तर तिथे नक्की न्या.

पोहण्याचा पोशाख हवाच, घरचे कपडे घालून उतरू देत नाहीत. बायकांनी पूर्ण अंगाचा पोहण्याच्या कापडाचा पोशाख घेतला तर संकोच वाटत नाही. स्लिपर वर सांगितलेल्याच. पोहण्याच्या तलावात उतरायचं असेल तर टोपीही लागते. टॉवेल तिथे घ्यायचा तर वेगळे पैसे पडतात आणि जाड टॉवेल बॅगेत अर्धी जागा खातो. त्यावर आपल्याकडचा पंचा हा फार चांगला तोडगा आहे: घडी तळहाताएवढी, पाणी झटकन टिपतो, लवकर वाळतो. दोन पंचे घ्या, आणि ओल्या कपड्यांसाठी एक प्लॅस्टिकची पिशवी.

पाचवी पायरी: खाऊ, म्हणजे काय न्यायचं नाही ते

दिवाळीत निघतो आहोत, घरात फराळ आहे, तिथे कुणाचा भाचा किंवा मैत्रीण राहते. आग्रह होणारच. पण युरोपियन संघाचे नियम इथे कडक आहेत आणि ते घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. दूध, पनीर, खवा, तूप, पेढे, बर्फी हे सगळं त्यात आलं. दूध पावडरसुद्धा. म्हणून दूध पावडर मिसळलेली तयार चहाची पाकिटं मी नेत नाही. साधी चहा पावडर आणि थोडी सुंठ-वेलची पूड नेते, दूध तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. तान्ह्या मुलाच्या दुधाच्या पावडरीला सवलत आहे, डबा मात्र सीलबंद हवा.

ताजी फळं-भाज्याही कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत. त्यात कढीपत्ताही आला. अपवाद आहेत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांचे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हापूसची पेटी नेण्याचा विचार सोडून द्यावा. आंबा त्या अपवादांत नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी तर इथेच विमानतळावर काढून ठेवतात, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून.

आणि दुबई किंवा अबुधाबीवरून विमान बदलणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. दिवाळीच्या डब्यातले अनारसे म्हणूनच घरी ठेवा.

मग न्यायचं काय? भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, तेलात तळलेली चकली, खाकरे, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, मेतकूट. गरम पाणी ओतून होणाऱ्या उपम्याची तीन-चार पाकिटं, पण त्यांवरची घटकांची यादी वाचूनच. सगळं मिळून दीड किलोच्या आत ठेवा. रोजच्या जेवणाची जबाबदारी बॅगेवर टाकू नका. तिन्ही शहरांत भारतीय हॉटेलं आहेत, शाकाहारी जेवण मिळतं, आणि चेक, हंगेरियन ब्रेड-सूप खाऊन पाहायलाच तर आपण जातो. घरचा खाऊ लागतो तो दोन प्रसंगी: रात्री उशिरा पोहोचल्यावर, आणि दुकानं बंद असतात त्या दिवशी. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केटं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. या मोसमात सुट्ट्याही आहेत: २३ ऑक्टोबर हंगेरीत, २८ ऑक्टोबर चेक प्रजासत्ताकात, १ नोव्हेंबर ऑस्ट्रिया आणि हंगेरीत. तुमच्या तारखांशी जुळवून पाहा.

खोलीत पाणी तापवायची किटली असेलच असं नाही, आधी विचारा. नसेल तर घडीची छोटी किटली घ्या. हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक मात्र करू नका. फोडणीच्या धुराने गजर वाजतो आणि दंडही होऊ शकतो.

पाण्याची रिकामी बाटली प्रत्येकाची वेगळी. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून डोंगरातून नळाने आणलेलं, आणि ते खरोखर गोड आहे. प्राग आणि बुडापेस्टचं नळाचं पाणीही पिण्याजोगं असतं.

सहावी पायरी: औषधं आणि शौचालय

रोजची औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर चार दिवसांची, मूळ पाकिटात, पाठीवरच्या सॅकेत. चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून मागा, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर जिथे विमान बदलता त्या देशाचे नियमही पाहा. तापाची, पोटाची, सर्दीची, उलटीची गोळी, ओआरएसची चार पाकिटं एवढं पुरे. ऑस्ट्रियात साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळते, किराणा दुकानात नाही. संकटात ११२ हा नंबर तिन्ही देशांत चालतो.

शौचालयाबद्दल मोकळेपणाने सांगते, कारण ज्येष्ठांना याचीच सर्वांत जास्त चिंता असते आणि ते विचारत नाहीत. तिथे कागद असतो, पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी नसतो. दाबून फवारा येणारी छोटी बाटली मिळते, ती प्रत्येकाला घ्या. सार्वजनिक शौचालयांत पैसे पडतात, म्हणून तिन्ही चलनांची थोडी नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा.

सातवी पायरी: प्लग

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, तेव्हा कन्व्हर्टर लागत नाही, फक्त पिनांचा प्रश्न असतो. आपला दोन पिनांचा मोबाईल चार्जर बहुतेक वेळा बसतो, क्वचित सैल. लॅपटॉपच्या तीन पिनांना अडॅप्टर हवा. तिथली सॉकेट भिंतीत खोल, गोल असतात, म्हणून जगभर चालणारे ते जाड चौकोनी अडॅप्टर त्यात नीट बसत नाहीत, वजनाने गळून पडतात. साधे गोल, दोन जाड पिनांचे अडॅप्टर घ्या, दोन पुरतात. पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॅट-अवरच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ ची असते, ती चालते.

आठवी पायरी: कागद आणि पैसे

पासपोर्ट, व्हिसा, किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याचा कागद, हॉटेलांची आणि परतीची तिकिटं. एक छापील संच तुमच्याकडे, एक सोबत्याकडे, एक फोनमध्ये. व्हिसा एकच असला तरी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवर गाडीत पोलीस पासपोर्ट मागू शकतात. तो हाताशी असावा, पण मागच्या खिशात नको. प्रागच्या खगोल घड्याळापुढे दर तासाला गर्दी जमते, सगळे वर बघत असतात, आणि खिसेकापूंना तीच वेळ सोयीची. कपड्यांच्या आत बांधायची पातळ कमरपिशवी घ्या.

चलनं तीन आहेत: चेक कोरुना, युरो, हंगेरियन फोरिंट. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारेल, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा.

नववी पायरी: भरायची रात्र

निघण्याच्या तीन दिवस आधी सगळं पलंगावर मांडा. कपडे गुंडाळून भरा, जड वस्तू चाकांच्या बाजूला. खाऊ एकाच पिशवीत, कस्टमवाल्याने विचारलं तर लगेच काढता येईल असा. सॅकेत एक पूर्ण कपड्यांचा जोड, औषधं, चार्जर आणि दात घासायचं सामान ठेवा, कारण बॅग एखादा दिवस उशिरा येऊ शकते. हॉटेलं ब्रश-पेस्ट सहसा देत नाहीत. केबिनमधले द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

मग बॅग बंद करा, उचला, आणि आपल्याच इमारतीचे तीन मजले न थांबता चढा. ज्याची बॅग त्याने चढायचं. धाप लागून थांबावं लागलं तर परत येऊन बॅग उघडा आणि आधी दुसरा बूट, मग तिसरी पँट, मग खाऊचा अर्धा भाग बाहेर काढा. पुन्हा चढा. आईबरोबर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिची बॅग ९ किलोची होती आणि ती तिने कुणालाही उचलू दिली नाही.

एक घडीची रिकामी पिशवी तळाशी ठेवायला विसरू नका. येताना बुडापेस्टच्या बाजारातली लाल पाप्रिका, व्हिएन्नाची वेफर बिस्किटं आणि प्रागचा एखादा काचेचा पेला तिच्यात बसतो. पेला मोज्यांत गुंडाळून केबिनमध्ये आणा. जॅमची बाटली मात्र चेक-इनलाच द्यावी लागते.